आडोशाचा ऊस

समोरचा जुना बंगला पाडला तेव्हा आम्हाला वाईट वाटलं ते त्याच्या आवारातल्या आंब्यासाठी. आपल्या गच्चीचं काय होणार, हे घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दोन वर्षांत तिथं पाच मजले उभे राहिले. एका सकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मिरच्यांची पाटी घेऊन वर गेल्या आणि तशीच भरलेली पाटी घेऊन खाली आल्या. "मी आता खालीच बसतो," म्हणाल्या. आमच्या कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, त्यात काही नवीन नव्हतं. 'खालीच' हा शब्द मात्र मला टोचला.

राजारामपुरीतल्या आमच्या घराची गच्ची हे आईंचं राज्य. उन्हाळा लागला की मिरच्यांचे देठ काढायचे, मिरच्या वाळवायच्या आणि डंकावरून वर्षाची चटणी करून आणायची. मग सांडगे, कुरडया, पापड. उरलेल्या महिन्यांत न्हाल्यावर केस मोकळे सोडून, पाय पसरून, पदराची फिकीर न करता तासभर बसायचं. खरं काम हे शेवटचं होतं आणि बाकीचं सगळं त्याचं निमित्त, हे मला फार उशिरा कळलं. ऐंशीच्या घरातल्या बाईला दिवसातून एक तास कुणी बघत नाही अशी एक जागा होती. तिच्यावर आता चौदा खिडक्या उघडत होत्या. मी मोजल्या आहेत.

त्या खिडक्यांतली माणसं वाईट नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. कुणी डोकावत नव्हतं. पण समोरचा बघत नाही म्हणून आडोसा लागत नाही, असं थोडंच असतं?

माझ्या आजीची न्हाणी परड्यात होती. चार मेढी, त्यांना जोंधळ्याच्या ताटांची बांधणी, एका बाजूनं उसाचा पाला आणि पुढं गोणपाट. सुगी झाली की नवी ताटं, नवी बांधणी. त्या भिंतीतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी आत यायचं. आतल्या माणसाला फटीतून वाटेवरचं सगळं दिसायचं आणि वाटेवरच्याला आतलं काही दिसायचं नाही. लहानपणी मला ती जादू वाटायची. फटीला डोळा लावला की बाहेरचं जग मोठं दिसतं आणि लांबून बघणाऱ्याला नुसतीच भिंत दिसते, एवढंच ते गणित.

आम्ही आधी हिरवी जाळी लावली. मे महिन्यातल्या पहिल्या वळवानं ती अशी फाडली की रात्रभर कुणीतरी गच्चीवर टाळ्या वाजवतंय असं वाटत होतं. नवऱ्यानं पत्रे सुचवले. त्यावर आई काही बोलल्या नाहीत, म्हणजे तो विषय संपला.

मग मी हायवेवरच्या एका नर्सरीत गेले. "बांबू न्या मॅडम, सहा महिन्यांत भिंत तयार." पिवळ्याधमक कांड्यांवर हिरव्या रेघा ओढलेली चार रोपं मी भाळून उचलली. घरात रंगकामाचे वीस लिटरचे डबे पडले होते, त्यांना खाली भोकं पाडून त्यात ती लावली आणि निवांत झाले.

आईंचं पहिलं वाक्य होतं, "दारात कळक लावत नाहीत. तिरडीला लागतो तो."

हे सगळ्या महाराष्ट्रात ऐकू येतं. कळक जाळायचा नाही, कारण वंश म्हणजे बांबू आणि वंश म्हणजे कूळही. जाळला तर कूळ बुडतं. मी वाद घातला नाही, पण मनात यादी चालू झाली. गुढी कळकावर उभी राहते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, त्या तरी कशाच्या? ते उंचच्या उंच कळकच, चहूबाजूंनी दोर धरून तोल सांभाळलेले. बारशाला बाळ सुपात ठेवायची रीत आहे आणि ते सूप बुरडाच्या हातचं, बांबूच्या बेळांचं. मांडवाच्या मेढी, परांची, शिडी, पाटी, करंडा. जन्मापासून शेवटापर्यंत जी वस्तू सोबत असते तिला फक्त शेवटावरूनच ओळखायचं, हे मला अन्यायाचं वाटलं. आईंना मी यातलं काहीच म्हटलं नाही. पुढं त्यांनीच विषय उलटा फिरवला, ते येईलच.

पहिला पावसाळा बरा गेला. दिवाळीनंतर पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून जास्त घातलं. आणखी पिवळी पडली. मार्चपर्यंत एक डबा उभा चिरला, त्यातून मुळांचा गुंता असा बाहेर आला की माती शोधावी लागली. सहा महिन्यांच्या भिंतीच्या जागी चार काटक्या आणि त्यांना चिकटलेली थोडी पानं उरली.

त्याच सुमारास मामा आले. माझे मामा भोगावतीच्या काठचे, सगळं आयुष्य उसात गेलेलं. गच्चीवर येऊन त्यांनी डबे बघितले, एक पान बोटांत धरून उभं चिरलं, आणि हसले.

"आगं, ह्यो ऊसच हाय की. ऊस कुणी डब्यात लावतंय व्हय?"

"मामा, हा बांबू आहे."

"आसंल. पेर बघ. डोळा बघ. पान बघ. लव्हाळ्याच्या घरात जन्मलेला न्हाई ह्यो. आनि काय खायाला घालतीस ह्याला?"

काहीच घालत नव्हते. झाड आहे, आपलं आपण वाढेल, असं मी धरून चालले होते.

बांबू गवत आहे हे मी शाळेत शिकले होते. ऊस, भात, जोंधळा, मका, गहू सगळे त्याच्याच कुळातले. पण शिकलेलं आणि कळलेलं यात फरक असतो. गंमत म्हणजे आपलं सरकारही बराच काळ त्याला झाडच म्हणत होतं. १९२७ च्या वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू बसवलेला होता, त्यामुळं स्वतःच्या बांधावरचा कळक तोडून न्यायचा तरी परवान्याचं लचांड मागं लागायचं. जंगलाबाहेरच्या बांबूला त्या व्याख्येतून २०१७ मध्ये मोकळं केलं. मामांच्या बांधावर कळकाचं एक बेट आहे, त्यांना ही बातमी पाठ होती. "नव्वद वर्सं लागली सरकारला," ते म्हणाले, "तुला एका वर्सात कळलं, तू हुशारच की."

त्या दिवसापासून मी बांबूशी उसाच्या भाषेत बोलायला लागले, आणि सगळं सोपं झालं.

आधी बेणं. मी आणलेला पिवळा बांबू, बांबुसा व्हल्गॅरिसचा रंगीत प्रकार, जमिनीत तीस-चाळीस फूट सहज जातो आणि कांडी मनगटाएवढी होते. त्याला डब्यात घालणं म्हणजे हत्तीला गोठ्यात बांधणं. 'गोल्डन बांबू' या नावानं तर आणखी घोळ होता. इंटरनेटवर या नावाखाली जे वाचत होते त्यात लोक रडत होते, की हा जमिनीखालून पळतो, शेजाऱ्याच्या बागेत निघतो, फरशी उचकटतो. माझी झोप उडाली. नंतर कळलं की तो वेगळाच, फायलोस्टॅकिस ऑरिया, थंड मुलखातला, धावत्या मुळकांडाचा. नाव एक, वनस्पती दोन. आमच्याकडचे कळक, मेस, माणगा हे सगळे बेटानं वाढणारे. त्यांचं मुळकांड आखूड असतं, लगेच वर वळतं आणि कांडी होतं. पुढचा डोळा त्याच्या बगलेला फुटतो. उसाचं बेट पसरतं तसंच, वीतभर वीतभर बाहेर. (आणि दुकानातला काचेच्या पेल्यातला 'लकी बांबू' हा बांबूच नाही. तो ड्रॅसिना. त्याच्यावर काही बोलायची गरज नाही.)

कुंडीतल्या आडोशासाठी चांगला तो बांबुसा मल्टिप्लेक्स. नर्सरीत त्याला हेज बांबू म्हणतात. मग मी तोच आणला. बोटाएवढी कांडी, बारीक दाट पान, आणि खालपासून फांद्या. हा शेवटचा गुण महत्त्वाचा. काही बांबू वर छत्री धरतात आणि खाली नुसते पाय दाखवतात. अशानं चौथ्या मजल्यापासून आडोसा होतो, आईंच्या खुर्चीजवळ नाही.

मग सरी. बांबूची मुळं फार खोल जात नाहीत, त्यांना रुंदी हवी असते. दोनशे लिटरची तीन निळी प्लॅस्टिकची पिंपं आम्ही उभी चिरून आडवी टाकली, म्हणजे सहा लांबट द्रोण झाले. मडक्यासारख्या पोटाच्या, अरुंद तोंडाच्या कुंडीत बांबू कधी लावू नये. तो आत गेला की कुंडी फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. माझ्या एका मैत्रिणीनं खुर्ज्याची सुंदर निळी कुंडी अशी घालवली आहे.

इथं माझा दीर मध्ये पडला. तो सिव्हिल इंजिनिअर आहे आणि घरात त्याला विचारायची पद्धत नाही, हे त्याचं जुनं दुखणं. शंभर लिटर ओली माती म्हणजे दीडशे किलोच्या आसपास, आणि ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी साधारण चौरस मीटरला दीडशे किलोच धरतात. "वहिनी, मधोमध ठेवलंत तर मी खालच्या खोलीत झोपणार नाही." म्हणून द्रोण कठड्याला लागून, खालच्या भिंतीच्या आणि तुळईच्या डोक्यावर आले, प्रत्येक विटांवर उचललेला. मातीही हलकी केली. निम्मी माती, बाकी भाताचं तूस, कोकोपीट आणि मामांनी पोत्यातून आणलेलं मळीचं कुजलेलं खत. साखर कारखान्याची मळी राजारामपुरीच्या गच्चीवर चढली तेव्हा दोन दिवस गल्लीला वास होता. चौदा खिडक्याही बंद होत्या. आई त्या दोन दिवसांत वर जाऊन बसल्या होत्या.

खाणं ही मुख्य गोष्ट. गवताला नत्र लागतं. उसाला कसं, पावसाच्या आत भरणी केली पाहिजे. बांबूचं तसंच, कारण जूनमध्ये जो कोंब जमिनीतून डोकं काढतो त्याची तयारी आत आधीच चालू असते. मे महिन्यात मी द्रोणातल्या बुंध्यावर दोन बोटं नवं खत-माती चढवते, त्यालाही आम्ही भरणीच म्हणतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा शेणाची स्लरी. गणपतीनंतर हात आवरता.

पाचटाचा धडा मात्र मी मामांशी भांडून शिकले. बांबूची पानं सतत गळतात. मी रोज झाडून द्रोण स्वच्छ ठेवायचे आणि त्याचा मला अभिमान होता. मामा म्हणाले, "त्येचं त्येला राहू दे. आमी शेतात पाचट जाळून जाळून मातीची राख केली, तू घरात बसून तेच करतीस." पुढं वाचलं तेव्हा कारण कळलं. गवतं मातीतून सिलिका ओढून पानांत साठवतात. पानाची धार बोट कापते ती त्याचीच. गळलेलं पान बुंध्यात कुजलं की ती पुन्हा मुळांना मिळते, आणि ओलही धरून राहते. आता द्रोणात चार बोटं पाचट असतं. आईंना ते अजूनही केर वाटतं.

पाण्याबद्दल सांगायचं तर बोटानं माती बघणं आणि पान बघणं, यापलीकडं शास्त्र नाही. तहान लागली की पान उभं वळून सुरळी होतं, मक्याचं होतं तसंच. दुपारच्या उन्हात सुरळी झाली आणि संध्याकाळी उलगडली तर काळजी नको. सकाळी सातला सुरळी दिसली तर आधी चहा बाजूला ठेवून पाइप धरायचा. एप्रिल-मेमध्ये रोज पाणी लागतं, वारा असेल तर दोनदा. उलट आषाढात आमच्याकडं आठ-आठ दिवस उघडत नाही. तेव्हा मुळं खालची भोकं बुजवतात आणि द्रोणाचं डबकं होतं. पहिल्या वर्षीचं माझं पिवळं पान तहानेनं नव्हतं, उपासानं आणि बुडाल्यानं होतं. विटांमधून सळई घालून भोकं मोकळी करणं हे माझं पावसाळ्यातलं काम. उन्हाळ्यात कोरड्या हवेत पानांच्या पाठीवर कोळी नावाचा बारीक किडा बसतो, पान फिकट ठिपक्यांचं होतं. पानांच्या पाठी जोरात धुतल्या की जातो. पिठ्या ढेकणाला साबणाचं पाणी. एवढंच.

आता कोंब. त्याच्याविषयी थोडं जास्त बोलते, कारण त्यासाठीच हे सगळं करावंसं वाटतं.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की पाचटातून एक टोक दिसतं. तांबूस-हिरवं, एकावर एक गुंडाळलेलं, अंगावर बारीक कूस. हात लावला की उसाच्या कुशीसारखीच खाज सुटते. ते टोक जेवढं जाड तेवढीच कांडी शेवटपर्यंत जाड. बांबू झाडासारखा वर्षावर्षाला फुगत नाही. एका पावसाळ्यात तो आपली उंची गाठतो आणि थांबतो. मग आयुष्यभर उंची तीच. पुढच्या वर्षी फक्त फांद्या आणि पानं वाढतात. वर्ष वाईट गेलं असेल तर कोंब बारीक येतो, बरं गेलं असेल तर मागच्यापेक्षा एक बोट वरचढ. म्हणजे माझी गच्ची बघून कोणत्या वर्षी मी आजारी होते आणि कोणत्या वर्षी भरणी चुकली ते मामा सांगू शकतात. सांगतातच.

दुसऱ्या पावसाळ्यात आईंनी पहिल्यांदा कोंब बघितला. नंतर रोज सकाळी त्या वर जाऊन त्याच्या शेजारी काठी धरून मोजायला लागल्या. "आज वीतभर आलाय." "आज नाही फारसा." गळ्याएवढा झाला तेव्हा शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला. त्यावर काकूंनी वास्त्याची, म्हणजे कोवळ्या कोंबाची, भाजी कशी करायची ते सांगायला सुरुवात केली. तासतासभर पाण्यात ठेवायचं, पाणी बदलायचं, मग उकडायचं, वगैरे. आईंनी त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं, ते जरा घाईनंच.

तोडणीला मी घाबरत होते. आडोसा वाढवायचा आणि कांड्या कापायच्या, हे उलटंच वाटतं. पण तीन वर्षांपुढच्या कांड्या काढल्या नाहीत तर मधे वारा आणि उजेड जात नाही, आणि नव्या कोंबांना जागा राहत नाही. त्या वर्षीच्या कांडीला हात लावायचा नाही, जुनी बुडातून काढायची. उंची आवरायची असेल तर पेराच्या अगदी वर कापायचं. पेरापासून चार बोटं सोडून कापलं तर वर पोकळ पेला राहतो, त्यात पाणी साचतं आणि डास होतात. डेंग्यूच्या फवारणीवाल्यानं मला हे दाखवलं, मी त्याला ओशाळून चहा दिला.

पहिल्या तोडणीच्या वेळी पाडवा जवळ होता. आई म्हणाल्या, "त्यातली एक सरळ बघून ठेव, गुढीला." तिरडीचा विषय त्यांनी असा मिटवला, माझ्याकडं न बघता. नऊ फुटांची, बोटभर जाडीची आमची कांडी धुऊन, हळद-कुंकू लावून उभी केली. तांब्या चढवल्यावर ती जी वाकली ती समोरच्या इमारतीला नमस्कार घातल्यासारखी. दुसऱ्या वर्षी मुकाट्यानं बाजारातून कळक आणला. आमच्या कांड्या आता मिरचीच्या रोपांना आणि घेवड्याच्या वेलाला लागतात.

मामांनी कळक फुललेला एकदाच बघितलाय, लहानपणी, राधानगरीच्या जंगलात. बेटंच्या बेटं फुलली, गहू पडावा तसं बी पडलं, लोकांनी गोळा करून भाकरी केल्या, आणि मग सगळी बेटं वाळून गेली. काटेरी कळकाला त्यासाठी चाळीस-पन्नास वर्षं लागतात. मिझोराममधल्या मौताक बांबूचं चक्र ४८ वर्षांचं. १९५९ मध्ये तो फुलला, बी खाऊन उंदीर माजले, त्यांनी भात फस्त केला आणि दुष्काळ पडला. एका गवताच्या फुलण्यातून तिथलं राजकारण बदललं. मी आईंना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "आपला कधी फुलणार?" हेज बांबू क्वचितच फुलतो म्हणतात. "मग बरंय," त्या म्हणाल्या, "मला काय तेवढं थांबायचं नाही."

आडोसा झाला का? झाला. म्हणजे समोरून बघाल तर हिरवी भिंत आहे, आणि आईंच्या खुर्चीतून बघाल तर फटी आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी नवा फ्रिज घेतला हे मला आईंकडूनच कळलं.

यंदा मेच्या शेवटी मधल्या द्रोणाचं पोट फुगलं. पाणी घातलं की वरच्या वर वाहून जात होतं, आत शिरतच नव्हतं. नुसती मुळं. असं दोन-तीन वर्षांनी होणारच, आणि तेव्हा बेट फोडावं लागतं. मामा गावाहून कुऱ्हाड आणि जुनी करवत घेऊन आले. मुळांचा गठ्ठा इतका घट्ट की करवत लाकडात चालल्यासारखी चालत होती. दोन तास लागले. निम्मं बेट नव्या मळीच्या खतात परत लावलं, पानं निम्म्यावर छाटली, आणि निम्मं ओल्या पोत्यात गुंडाळून मामांच्या जीपमध्ये. ते आता भोगावतीच्या बांधावर, उसाच्या शेजारी लागेल.

छाटलेल्या बेटामुळं मध्येच हातभर रुंदीचं खिंडार पडलं आणि त्यातून दुसऱ्या मजल्याची एक खिडकी सरळ दिसायला लागली. पाऊस पडून नवे कोंब वर येईपर्यंत ते तसंच राहणार. मी पुन्हा जाळीचा तुकडा शोधायला खाली गेले. वर आले तर आईंनी खुर्ची दोन फूट डावीकडं सरकवून घेतली होती आणि मिरच्यांचे देठ काढायला बसल्या होत्या.